बिनमातीची शेवंती

माझ्या मामांच्या घरात मूठभरसुद्धा माती नव्हती. हे सांगितलं की लोक म्हणतात, बरं आहे की, टापटीप असतील. टापटिपीचं नाही सांगत मी. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांना पुढे हातरुमालाएवढं का होईना अंगण असायचं, आणि त्या अंगणात ज्याने त्याने काहीतरी खुपसलेलं असायचं. कुणाची कर्दळ, कुणाचा कढीपत्ता, कुणाची आपोआप आलेली पपई. मामांनी मात्र आपल्या अंगणात फुटक्या शहाबादी फरशीचे तुकडे बसवून, फटींत सिमेंट भरून गवताची काडी उगवायचीही सोय ठेवली नव्हती. कुंडी नाही, डबा नाही, वाफा नाही. पावसाळ्यात कुणी चिखलाच्या पायांनी आलं तर मामा स्वतः तांब्या घेऊन त्याच्या पायांवर पाणी घालायचे. आणि तरी अख्ख्या कॉलनीत लोक फुलं बघायला यायचे ते ह्याच घरी. ती फुलं काचेच्या बरण्यांत, नुसत्या पाण्यावर वाढायची.

कॉलनीत त्यांचं नाव बरणीमामा पडलं होतं. ते नाव ठेवण्यात थोडं कौतुक होतं आणि थोडा खवचटपणाही होता. मामा रेल्वेत केबिनमन होते. उंच केबिनमध्ये उभं राहून सिग्नलचे लोखंडी खटके ओढायचं काम. त्याने त्यांचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि पाठ वाकडी. पूर्वी सिग्नलच्या सेलसाठी जाड काचेच्या चौकोनी बरण्या वापरत. नव्या बॅटऱ्या आल्या तशा त्या बरण्या भंगारात निघाल्या. मामांनी त्या भंगारवाल्याकडून विकत घेतल्या. साहेब म्हणाले होते, अशाच ने की रे, कोण विचारतंय. मामांनी ऐकलं नाही. ते मला म्हणाले, ‘‘आपल्याला फुकाट काय घ्यायचं न्हाई. फुकाटचं दिल्यालं लोकं लई दिवस ध्यानात ठिवत्यात.’’

त्यांची पद्धत ठरलेली होती. भीमेच्या पात्रातले गोटे आणायचे, ते पातेल्यात उकळायचे (त्यावरून मामीशी दरवेळी भांडण, कारण पातेलं भाताचं असायचं), बरणीच्या तळाशी लोणारी कोळशाचा तुकडा टाकायचा, म्हणजे पाणी नासत नाही. उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून प्रत्येक बरणीला काळ्या कापडाचा अंगरखा. तो मामी जुन्या छत्र्यांच्या कापडातून शिवायची. दौंड स्टेशनात विसरलेल्या, मोडक्या छत्र्या कुठे मिळतात हे मामांना बरोबर ठाऊक होतं. एक दिवसाआड पाणी बदलायचं, आणि बाटलीत विरघळवून ठेवलेल्या खताचे थोडेच थेंब घालायचे. नदी इतकी जवळ असून नदीचं पाणी ते वापरत नसत. ‘‘त्या पान्यात फूल न्हाई, फेस येतो,’’ असं म्हणून नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचे आणि मगच बरण्यांत घालायचे. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी यायचं तेव्हा आमच्या अंघोळी चुकायच्या, बरण्यांची कधी चुकली नाही.

मी तिथे कॉलेजसाठी राहायला गेले ते नव्वदीच्या सुरुवातीला. आमच्या गावाहून कॉलेज लांब पडायचं, म्हणून आईने मला भावाकडे ठेवलं. मामा-मामींना मूल नव्हतं. खिडकीत, व्हरांड्याच्या कठड्यावर, मोरीच्या भिंतीवर बरण्या. ग्लॅडिओलस असायचे, लिली असायची, पण मामांचा जीव पांढऱ्या शेवंतीवर. शेवंती काही वर्षानुवर्षं टिकणारं झाड नाही. फुलून गेली की तिच्या कोंबांच्या काड्या घ्यायच्या, पाण्यात मुळं फोडायची, पुन्हा हिवाळ्यात फूल. अशी तिची लेक, नात, पणती मामा पाण्यातच वाढवत आले होते. पाण्यावरची शेवंती बारीक येते, देठ लांबडे आणि मान नाजूक. हिवाळ्यात पहिलं फूल उमललं की मामा ते वंदनेच्या वेळी बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायचे आणि मग दिवसभर घरात कुणाला रागवायचे नाहीत. बाकीच्या दिवसांची मी हमी देत नाही.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्राचं पहिलं पुस्तक उघडलेली दीडशहाणी. मी त्यांना म्हणायची, मामा, झाडाची जागा जमीन. हे काय बरणीत कोंडून ठेवलंय? त्यावर ते पाणी ओतता ओतता म्हणाले, ‘‘माती नाव इचारती बाय. पानी न्हाई इचारत.’’

मी कसली ऐकते. म्हटलं, ‘‘मामा, पाण्यानेच तर आधी विचारलं. आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, तुम्हीच सांगता.’’

मामांनी बरणी खाली ठेवली. मला वाटलं चिडले. पण हसले. म्हणाले, ‘‘त्ये इचारून झालंय. त्येचं उत्तर बी दिऊन झालंय. मातीचं राह्यलंय.’’

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आणि त्यांनी लावून दिला नाही. मामांना सांगायची सवयच नव्हती. खटका ओढला की मैलभर लांब सिग्नल पडतो, तसं त्यांचं बोलणं. इथे काही हलायचं नाही, परिणाम कुठेतरी भलतीकडे. कुणी पाहुणा फुलं बघून नवल करू लागला की मात्र त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. छाती पुढे काढून म्हणायचे, ‘‘आमच्या फुलांना माती लागत न्हाई.’’ इतक्या दिमाखात म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपल्या घरच्या कुंड्यांची लाज वाटावी. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते सुरू झालं की मी आणि मामी एकमेकींकडे बघायचो.

कॉलनीच्या मंडळाची दर सव्वीस जानेवारीला बागेची स्पर्धा असायची. ज्याच्या क्वार्टरपुढची बाग चांगली, त्याला स्टीलचा डबा आणि नारळ. मी कॉलेजात असताना एका वर्षी मंडळातल्या तरुण पोरांनी मामांना आग्रह केला, बरणीमामा, तुम्ही भाग घ्याच. मामांनी सगळ्या बरण्या फरशीवर ओळीने मांडल्या. काळे अंगरखे काढले, काचा पुसल्या. उन्हात पाण्यातली पांढरी मुळं लखलखीत दिसत होती. नेमका तेव्हा तात्या आलेला होता. तात्या म्हणजे माझा धाकटा मामा, गावाकडे राहायचा. वयाने तो मामांपेक्षा माझ्याच जवळचा, म्हणून त्याला मी पहिल्यापासून अरे-तुरे करते. तो सकाळपासून बरण्यांभोवती घिरट्या घालून येईल त्याला ‘आमच्या दादाच्या हायेत ह्या’ म्हणून सांगत होता.

परीक्षक दोघे आले. चांगली माणसं होती, वाकून वाकून बघितलं, एकाने तर मुळांचा फोटो काढला. मग दुसरे जरा अवघडून म्हणाले, ‘‘फार सुरेख आहे हो. पण स्पर्धा बागेची आहे. बाग म्हटलं की वाफे हवेत, माती हवी. हे आम्हाला धरता येणार नाही.’’

आजूबाजूला गर्दी होती. मामांनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, ‘‘धरू नका साहेब. आमच्या फुलांना माती लागत न्हाई.’’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्याने तर मांडीवर थाप मारली. ‘‘लई भारी बोललास दादा!’’ गावी जाऊन त्याने ते वाक्य पारावर, एसटीत, सोयऱ्यांच्या लग्नात, जिथे जमेल तिथे सांगितलं. बक्षीस कोपऱ्यावरच्या क्वार्टरला मिळालं. तिथे एक बाबू राहायचे. त्यांचे गुलाब खरंच बघण्यासारखे होते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा मामांनीही टाळ्या वाजवल्या. मामी मात्र तिथून उठली, घरात गेली आणि तिने दार असं आपटलं की कठड्यावरची एक बरणी हलली.

मी आत गेले तर ती तांदूळ निवडत बसली होती, आणि तांदळात काही नव्हतंच निवडायला. म्हणाली, ‘‘त्या कोपऱ्यावरच्या घरात आमी व्हतो आदी. तुला म्हाईत न्हाई.’’

मग तिने सांगितलं ते असं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्यांना तेच कोपऱ्यावरचं क्वार्टर मिळालं. पुढे जागा मोठी. मामांनी तिथे गुलाब लावले, झेंडू लावला, पांढरी शेवंती लावली. केबिनमधून उतरले की थेट वाफ्यात. घरची भाकरी तिथेच बसून खायचे. स्टीलचे दोन डबे मामीच्या फळीवर होते, ते त्याच स्पर्धेतले. मला वाटायचं लग्नातले आहेत. हे बाबू तेव्हा पलीकडच्या ओळीत राहायचे. रोज पहाटे पूजेला फुलं न्यायला यायचे, आणि मामा त्यांच्यासाठी टपोरी वेगळी ठेवायचे. पुढे मामांची बढती झाली, दुसऱ्या ओळीतलं मोठं क्वार्टर मिळालं. कोपऱ्यावरची जागा बाबूंनी मागून घेतली. बागेसाठीच मागितली असेल, असं मामांना वाटलं. त्यांनी जाताना सगळ्या वाफ्यांना पाणी पाजलं, कुठल्या गुलाबाची छाटणी कधी करायची ते बाबूंना समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा ड्युटीवरून परतताना त्या वाटेने आले, तर फाटकाबाहेर मातीचा ढीग. बाबूंनी मजूर लावून सगळं अंगण हातभर खोल उकरून काढलं होतं. गुलाब, झेंडू, शेवंती मुळांसकट ढिगात. आणि शेजारी नव्या मातीची ट्रॉली रिकामी होत होती. घराला चुना दिला असता, गोमूत्र शिंपडलं असतं, तर ते मामांनी पचवलं असतं. ते बघत बघतच ते मोठे झाले होते. पण माती. जिच्यातली फुलं ह्या माणसाच्या देवाला इतकी वर्षं चालत होती, ती माती त्याच्या अंगणाला चालली नाही. मामी म्हणाली, ‘‘मी इचारलं त्येंच्या बायकूला. तोंडावर इचारलं. तर म्हनली, फुलाचं काय नसतं हो, फूल देवाचं. मातीत हात गेल्याले असत्यात ना.’’

मामांनी भांडण केलं नाही. ढिगातून शेवंतीचं एक झाड ओढून काढलं, घरी आणलं, मोरीतल्या बादलीत उभं केलं. नव्या अंगणात खड्डा घ्यायला त्यांचा हात धजला नाही. बादलीत ते झाड जगलं. नवी पांढरी मुळं फुटली. आणि तिथून पुढे ह्या घरात माती आली नाही.

हे ऐकून मला जो संताप आला तो आज इतक्या वर्षांनी सांगतानाही तेवढाच आहे. वयाबरोबर माणूस शांत होतो म्हणतात, माझ्या बाबतीत ते खोटं ठरलंय. मी बाहेर जाऊन मामांना म्हटलं, ‘‘तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?’’

ते बरण्यांना अंगरखे घालत होते. म्हणाले, ‘‘गुलाब चांगलं व्हतं म्हनून.’’

‘‘आणि ती माती?’’

‘‘मामीनं सांगितलं व्हय?’’ हातातला अंगरखा खाली ठेवला. मग पहिल्यांदाच ते माझ्याशी त्या विषयावर नीट बोलले. म्हणाले, ‘‘हिथली जमीन रेल्वेची. आज हिथं, उद्या तिथं. मागनं येनारा काय बी करू शकतो. आता लावीन तर माझ्या जाग्यात. गावच्या घराच्या मागं. तिथनं कुनाच्या बापाला उकरता यायची न्हाई. ह्या शेवंतीला एकदा तरी माज्या मातीत फुलल्याली बगायचीय मला. पन तात्याला सांगू नगं. गावात कुनालाच सांगू नगं.’’

का सांगायचं नाही, हे मी विचारलं नाही. मला समजलं होतं. गावात मामा म्हणजे रेल्वेतला माणूस, पँट-शर्टातला, ज्याला साहेबलोकही नावाने हाक मारतात. त्याच्या बागेची माती उकरून टाकली, ही गोष्ट त्यांना गावापर्यंत जाऊ द्यायची नव्हती.

गाव त्यांचं शिरूर तालुक्यातलं, कारेगावच्या बाजूचं. कंपन्या आल्या तशी तिकडची उघडी जागा भराभर नाहीशी व्हायला लागली होती. तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीत घरांच्या मागे थोडी थोडी जागा उरली होती, त्यात मामांच्या घरामागे एक चौकोन. बाभळीचं एक झाड, एक पडकी चूल आणि बाकी काळी भुसभुशीत माती. रिटायर व्हायच्या आधीच्या एप्रिलमध्ये मामा जयंतीला गावी गेले आणि येताना त्या चौकोनातली माती खताच्या गोणीत भरून घेऊन आले. तात्या म्हणाला, दादा, कशाला? तर म्हणाले, लागती.

मी तोवर दौंडलाच एका शाळेत नोकरीला लागले होते, पण मामांकडे येणंजाणं रोजचं. त्या दिवशी घरात शिरले तर मामा जमिनीवर बसलेले, पुढे वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर माती. मी दारातच थांबले. त्या घरात माती बघायची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती. मामा ती चाळणीने चाळत होते, खडे वेचत होते. भाताच्या पातेल्यानंतर आता पिठाची चाळणी गेली, म्हणून मामी कुरकुरत होती, पण तिचा चेहरा लग्नघरासारखा झाला होता.

‘‘पान्यातली मुळं येगळी असत्यात,’’ मामांनी मला समजावलं. ‘‘येकदम मातीत लावली की झाड मान टाकतं. मुळांना सवं लावाय लागती.’’ आणि त्यांनी सवय लावायला सुरुवात केली. शेवंतीच्या प्रत्येक बरणीत रोज चिमूटभर माती. वरचं पाणी थोडं थोडं कमी. पावसाळा सरेपर्यंत त्या बरण्यांत पाणी दिसेनासं झालं. गोट्यांच्या फटींत गाळ बसला, मग चिखल झाला. पांढरी मुळं आडवी जाऊन बारीक केसाळ झाली. ऑक्टोबरात कळ्या धरल्या. मामा बरणी उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘आता ह्यांना थांबवता येत न्हाई. रिटायर झालो की त्याच आठवड्यात भुईत गेली पायजेत.’’ काचेच्या बरणीला खाली भोक नसतं, चिखलात मुळं फार दिवस ठेवली तर ती कुजतात. हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं.

नोव्हेंबरात टेम्पो केला. भांडी, खाट, कपाट मागे, आणि शेवंतीच्या बरण्या मामांच्या, मामीच्या आणि माझ्या पायांशी. पाटसला कारखान्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना. मामा एरवी अशा वेळी वैतागायचे, त्या दिवशी ते टेम्पोवाल्याला आपल्या पहिल्या नोकरीच्या गमती सांगत होते. न्हावऱ्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी मामीला विचारलं, पहार घरात आहे ना? मामी म्हणाली, असंल की, तात्याकडं.

तात्या फाट्यावर उभा होता. हसरा, घामाने भिजलेला, हातात पेढ्यांचा पुडा. घराकडे चालताना तो आमच्या पुढे पुढे पळत होता. ‘‘दादा, डोळं मिट. वैनी, तुमी बी मिटा.’’ कुणी डोळे मिटले नाहीत. घरामागच्या चौकोनात पत्र्याच्या खोल्यांची ओळ उभी होती. कंपनीत कामाला जाणारी पोरं दारांत बसून दात घासत होती, कुणी हिंदीत मोठमोठ्याने बोलत होतं, तारेवर युनिफॉर्म वाळत होते. बाभळ नव्हती. चूल नव्हती. खोल्यांच्या पुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत घोटून कोबा केलेला, गुळगुळीत, वर पाणी मारल्याने काळपट चकाकणारा.

‘‘म्हातारपनाची सोय झाली दादा,’’ तात्या म्हणाला. ‘‘सगळ्यात मोठी खोली तुमची. मागची जागा रिकामीच पडली व्हती. म्हनलं, दादाच्या फुलांना तर माती लागतच न्हाई, मंग जमीन कशाला अडकून ठिवायची?’’ आणि मग त्याने खोलीच्या खिडकीखाली हात दाखवला. तिथे त्याने सिमेंटचा लांबलचक कट्टा बांधून घेतला होता. वर फरशी. ‘‘ह्यो खास बरन्यांसाठी. उन बगून बांधलाय. सकाळचं येतं, दुपारचं न्हाई. मी चार दिस बसून बगितलं.’’

मी तोंड उघडलं होतं. मामांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यांच्या दोन्ही हातांत बरणी होती. त्यांनी एक शब्द काढला असता तर तात्याने तिथल्या तिथे पहार घेऊन कोबा फोडला असता, तो तसाच माणूस आहे. पण तो शब्द काढायचा तर कॉलनीतल्या त्या ढिगापासून सांगावं लागलं असतं. मामा कट्ट्याजवळ गेले, हातातली बरणी त्यावर ठेवली, फरशीवरून हात फिरवला. ‘‘बरं क्येलंस,’’ म्हणाले. ‘‘लई बरं क्येलंस तात्या.’’

तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, दादा खूश झाला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते सांगवत नाही. मामांनी शेवंती पुन्हा पाण्यात न्यायचा प्रयत्न केला. एकेक झाड बाहेर काढून नळाखाली मुळं धुतली. त्या बारीक केसाळ मुळांना धरून बसलेली माती सुटताना मुळंही सुटत होती. धुतलेला गढूळ राडा कोब्यावरून वाहत मोरीत गेला. पाण्यात ठेवलेली झाडं काही दिवस उभी राहिली, मग कळ्या तशाच मिटलेल्या काळ्या पडल्या. धड पाण्यातलीही राहिली नव्हती ती, आणि मातीतली तर झालीच नव्हती. एकाच झाडाच्या बुडातून एक हिरवा कोंब आला. मामांनी त्याची काडी घेतली, लहान बरणीत उभी केली आणि मी दौंडला परत निघाले तेव्हा माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘‘हितं नगं. तिथं खिडकीत ठिव.’’

त्यानंतर मामा त्या खोलीत काही वर्षं राहिले. कट्ट्यावर बाकीच्या बरण्या मांडल्या, लिली लावली, ग्लॅडिओलस लावले. खोल्यांतली पोरं, कुणी बिहारची, कुणी बीडकडची, येऊन बघायची. पण मामांनी पुन्हा छाती पुढे काढलेली मी बघितली नाही. कुणी विचारलं, मामा हे मातीशिवाय कसं काय येतं, तर ते नुसतं ‘येतं’ म्हणायचे. त्यांच्याऐवजी ते जुनं वाक्य तात्याच सांगायचा, दर वेळी तेवढ्याच अभिमानाने, आणि मामा शेजारी बसून ऐकून घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. मामी मला म्हणायची, सांगून टाकू का गं त्याला? मामा जिवंत असेपर्यंत तिने सांगितलं नाही.

मामा गेले ते झोपेतच. लोक आले, वंदना झाली, सगळं झालं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तात्या कुणाला तरी सांगत होता, आमचा दादा म्हंजी, त्येच्या फुलांना माती लागत नव्हती. आणि मामी भांडी आवरता आवरता थांबली आणि म्हणाली, ‘‘लागत व्हती.’’ मग तिने सगळं सांगितलं. बाबू, ढीग, बादली, गोणीतली माती, चाळणी, टेम्पोत विचारलेली पहार. सांगून झाल्यावर तात्या उठून बाहेर गेला.

सकाळी मी जागी झाले ती घणाच्या आवाजाने. तात्या कट्ट्यापुढचा कोबा फोडत होता. खोल्यांतली पोरं दारांत उभी राहून बघत होती. एकजण म्हणाला, चाचा, हम कर देते हैं, तर तात्याने त्याला हाताने बाजूला केलं. कोब्याखाली खडी, खडीखाली मुरूम, आणि मग कितीतरी खाली ती काळी माती लागली. घट्ट दबलेली, वास नसलेली. मी त्याच्या बाजूने वळसा घालून निघाले. माझी दौंडची बस होती.

गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका मऊ. ‘‘माती चाळून ठिवलीय,’’ म्हणाला. ‘‘शेनखत बी घातलंय. दादाची शेवंती तुज्याकडं हाय म्हनं. घिऊन ये की. दोगं मिळून लावू.’’

शेवंती समोरच होती. माझं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीत ती बरणी, तिला मामीने शिवलेला छत्रीच्या कापडाचा अंगरखा, आता जरा विटलेला. त्याच शेवंतीची ही कितवी पिढी, मी मोजलेली नाही. दर वर्षी काडी घेते, एक दिवसाआड पाणी बदलते. मला तात्यावर दया यायला हवी होती. त्याने उन्हासाठी चार दिवस बसून जागा निवडली होती, हे मला आठवत होतं. बाबूंना कधी कुणी काही विचारलं नाही, ते सुखाने रिटायर झाले, त्यांच्या गुलाबांना बक्षिसं मिळत राहिली. आणि जाब द्यायला उरला कोण, तर हा तात्या. हेही मला दिसत होतं. तरी माझ्या तोंडून तेच आलं.

‘‘तात्या,’’ मी म्हणाले, ‘‘आपल्या फुलांना माती लागत नाही.’’

त्याच्या मागे पोरांचा गलका, कुठेतरी रेडिओ. मग त्याने फोन ठेवला.

मामी सांगते, खड्डा अजून तसाच आहे. भाडेकरूंची पोरं त्यात काहीबाही टाकतात आणि तात्या रोज सकाळी ते वेचून काढतो. मी अजून गेलेले नाही.